व्ही-सिनेमा जमवताना: थेट व्हिडिओवर आलेले जपानी गुन्हेपट शोधणं, घेणं आणि टिकवणं

मार्च १९८९मध्ये जपानच्या तोएई कंपनीनं ‘क्राइम हंटर: इकारी नो जूदान’ हा चित्रपट थेट व्हिडिओ कॅसेटवर आणला. दिग्दर्शक ओकावा तोशिमिची, नायक रॉक गायक सेरा मासानोरी, लांबी तासाभराची. चित्रपटगृहासाठी तो बनवलेलाच नव्हता. त्या काळी जपानभर कॅसेट भाड्यानं देणारी दहा हजारांहून अधिक दुकानं होती आणि संध्याकाळी कामावरून परतताना तिथे डोकावणारा प्रौढ माणूस हाच त्याचा प्रेक्षक. त्यानं कॅसेट पुढे न पळवता शेवटपर्यंत बघावी, म्हणून पाल्हाळ सगळा छाटलेला. तोएईनं या मालिकेला ‘व्ही-सिनेमा’ असं नाव दिलं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत याकुझा म्हणजे जपानी गुंडटोळ्या, सावकार, जुगारी, भाडोत्री मारेकरी, सूड घ्यायला निघालेल्या बायका यांच्या कहाण्यांनी ती दुकानं भरून गेली.

त्यातलं बरंच काही डीव्हीडीवर कधी आलंच नाही. दुकानं बंद होत गेली, माल विकला गेला किंवा फेकला गेला. म्हणून हा संग्रह करताना मी एक नियम धरून चालतो आणि तुम्हीही धरावा असं मनापासून सांगतो: ज्याची चांगली डिस्क निघाली आहे त्याची डिस्कच घ्या आणि पुढे व्हा. पैसा, जागा आणि वेळ राखून ठेवा तो फक्त टेपवरच राहिलेल्या चित्रपटांसाठी.

आधी हद्द आखून घ्या

‘व्ही-सिनेमा’ हा तोएईचा शिक्का. निक्कात्सुचं ‘व्ही-फीचर’ होतं, इतर कंपन्यांची आपापली नावं होती. या सगळ्यांना मिळून जपानीत ‘ओरिजिनल व्हिडिओ’ म्हणतात, यादीत ते बहुधा ‘ओव्ही’ एवढंच दिसतं. नुसतं ‘व्ही-सिनेमा’ शोधलंत तर आज समोर येतील ‘कामेन रायडर’ आणि ‘सुपर सेंताई’ या मुलांच्या मालिकांचे व्हिडिओपट, कारण तोएईनं तेच नाव तिथेही वापरलं आहे. शोधताना वर्षाची मर्यादा घाला. १९८९ ते २००५ हा पट्टा सुरुवातीला पुरेसा आहे.

दुसरी हद्द मजकुराची. ‘प्रौढांसाठी’ म्हटलं की अनेकांच्या मनात भलताच माल येतो. जपानी दुकानांत निव्वळ कामुक व्हिडिओंचं दालन पडद्याआड वेगळं असायचं. व्ही-सिनेमा मांडला जायचा बाहेरच्या फळीवर, मारधाडीच्या आणि ‘गोकुदो’ म्हणजे गुंडांच्या कथांच्या शेजारी. त्यात रक्तपात असतो, शिव्या असतात, काहींत नग्नताही असते. घरात मुलं असतील तर कपाटाला कुलूप हवंच. पण हा कथापट आहे, आणि खरेदी करताना, आयात करताना हा फरक कामाचा ठरतो. ‘एक्सएक्स’ किंवा ‘झीरो वुमन’सारख्या मालिका सीमेवर उभ्या आहेत. त्या घ्यायच्या की नाही हे सुरुवातीलाच ठरवा.

एक छोटी वाट वेगळी जाते. १९९३च्या सुमारास तोएईनं अमेरिकेत ‘व्ही-अमेरिका’ नावानं काही चित्रपट काढले. ‘अमेरिकन याकुझा’मध्ये तरुण विगो मॉर्टेन्सन आहे, ‘नो वे बॅक’मध्ये रसेल क्रो. इंग्रजीत असल्यानं ते सहज मिळतात आणि त्यामुळेच नवखे संग्राहक तिथे अडकतात. ते नंतर घेतले तरी चालतील.

धागा निवडा

सगळं जमवणं अशक्य आहे. नट, दिग्दर्शक किंवा मालिका, यांपैकी एक धागा पकडा आणि तो पुरा करा.

नटाचा धागा धरायचा तर दोन नावं टाळताच येत नाहीत. आइकावा शो आणि ताकेउची रिकी. आइकावाला नायक म्हणून उभं केलं ते ताकाहाशी बान्मेईच्या ‘निओ चिंपिरा’नं, १९९० साली. दांडग्या मारेकऱ्याऐवजी तिथे एक हलक्या दर्जाचा, घाबरलेला पोरगा आहे, ज्याला बंदूक देऊन पाठवलंय आणि ज्याचे पाय निघत नाहीत. या प्रकारातला माझा सर्वांत आवडता नायक हाच. ताकेउचीची ओळख म्हणजे ‘नानिवा किन्यूदेन: मिनामी नो तेइओ’. ओसाकाच्या मिनामी भागातला सावकार मांदा गिंजिरो दहा दिवसांना दहा टक्के व्याजानं पैसे देतो आणि वसूल करतोच. १९९२पासून पंधरा वर्षं ही मालिका चालली, भाग साठच्या आसपास. कर्ज, जामीन, बनावट कागद, जमिनीचे व्यवहार यांची इतकी बारीक माहिती गोष्टीत विणलेली असते, की नव्वदच्या दशकात अर्थव्यवस्थेचा फुगा फुटल्यानंतरच्या जपानचा हिशेब एखाद्या अहवालापेक्षा इथे जास्त कळतो. पण साठ भाग पहिल्याच वर्षी जमवायला निघू नका. आधी दहा घ्या, रस टिकतो का बघा.

दिग्दर्शकाचा धागा नवख्याला सगळ्यांत फळतो, कारण मोठे झालेले अनेकजण इथूनच वर आले. कुरोसावा कियोशीचंच बघा (अकिरा कुरोसावांशी त्याचं काही नातं नाही). १९९५-९६मध्ये त्यानं आइकावाला घेऊन ‘कात्ते नी शियागारे’ नावाचे सहा हलकेफुलके चित्रपट केले, त्यानंतर ‘फुकुश्यू’चे दोन भाग आणि १९९८मध्ये ‘हेबी नो मिची’ व ‘कुमो नो हितोमी’ ही जोडी. एकूण दहा. चेष्टेपासून सुरू होऊन सूडाच्या पोकळीपर्यंत पोचणारा हा प्रवास एका दिग्दर्शकाचा, एकाच नटाबरोबरचा आहे. यातला ‘हेबी नो मिची’ त्यानं स्वतःच २०२४मध्ये फ्रान्समध्ये नव्यानं केला. पहिला संग्रह म्हणून मी डोळे मिटून हे दहा सुचवेन. यांतले काही व्हिडिओआधी थोडे दिवस छोट्या चित्रपटगृहांत दाखवले गेले होते. तशी पद्धतच होती. ‘थेट व्हिडिओ’ या व्याख्येवर अडून बसलात तर निम्मी चांगली कामं हातातून जातील.

मिइके ताकाशीनंही १९९१मध्ये व्हिडिओवरूनच सुरुवात केली. त्याचा ‘फुल मेटल गोकुदो’ (१९९७) थेट व्हिडिओचाच, आणि ‘फुदो’ (१९९६) व्हिडिओसाठी बनवलेला असून आधी पडद्यावर गेला. आणि हॉलिवूडच्या ‘द ग्रज’मुळे आपल्याकडे माहीत झालेल्या ‘जू-ऑन’चे पहिले दोन भाग? शिमिझु ताकाशीनं २००० साली केलेले तोएई व्ही-सिनेमाच.

चालू मालिकांमध्ये ‘निहोन तोइत्सु’ आहे. २०१३पासून सुरू, मोतोमिया यासुकाझे आणि यामागुची योशियुकी यांच्या भूमिका, साठहून अधिक भाग. हिच्या डिस्क आजही निघतात, त्यामुळे घाई नाही.

इंग्रजी उपशीर्षकांसह सुरुवात करायची असेल तर ब्रिटनच्या ॲरो कंपनीनं २०२५मध्ये काढलेला नऊ चित्रपटांचा ब्लू-रे संच बघा. ‘क्राइम हंटर’, ‘निओ चिंपिरा’, इशिइ तेरुओचा ‘द हिटमॅन’, इकेदा तोशिहारुनं केलेला ‘फीमेल प्रिझनर स्कॉर्पियन’चा १९९१चा अवतार, सगळं त्यात आहे. या नऊंच्या टेप्स आता केवळ वेष्टनाच्या हौसेसाठी घ्यायच्या.

नाव जपानी लिपीत मिळवा

ही पायरी गाळली तर पुढचं सगळं फुकट जातं. इंग्रजी नावानं जपानी बाजारात काहीच सापडत नाही, आणि एकाच चित्रपटाची इंग्रजी नावं तीन-तीन असतात. जपानी विकिपीडियावर नटाचं पान उघडा, त्यात ‘ओरिजिनल व्हिडिओ’ असा वेगळा विभाग असतो. तिथून मूळ नाव जसंच्या तसं उचला. ‘ऑलसिनेमा’ या जपानी संकेतस्थळावर पडताळून घ्या, तिथे थेट व्हिडिओपटांचीही नोंद असते. मग वर्ष, दिग्दर्शक आणि लांबी मिनिटांत लिहून ठेवा. लांबीचा उपयोग पुढे होतो: कापलेली किंवा दोन भाग जोडलेली आवृत्ती त्यावरूनच ओळखू येते.

वेष्टनाच्या पाठीवरची पाच माहितीस्थळं ओळखता आली की पुरे. ‘कांतोकू’ म्हणजे दिग्दर्शक, ‘शुएन’ म्हणजे मुख्य नट, ‘हात्सुबाई-मोतो’ म्हणजे प्रकाशक, ‘फुन’ म्हणजे मिनिटं, आणि ‘हिनबान’ म्हणजे अक्षर-अंकांचा माल क्रमांक. शोधायला हिनबान सगळ्यांत भरवशाचा. नावं सारखी असतात, क्रमांक सारखे नसतात.

बाजारात काय बघायचं

टोकियोला जाणं झालं तर नाकानो ब्रॉडवेमधलं मांदाराके हे जुन्या मालाचं दुकान गाठा. जाणकार लोक आहेत, किंमत त्या मानानं चढी. ‘बुक ऑफ’च्या शाखांत डीव्हीडी स्वस्त मिळतात, तर ‘हार्ड ऑफ’मध्ये जुनी यंत्रं. घरबसल्या बघायचं तर सुरुगाया, याहू ऑक्शन्स आणि मेर्कारी. सुरुगायाची यादी अफाट आहे आणि माल संपलेला असला तरी पान राहतं, म्हणून संदर्भ म्हणूनही ती वापरा. शेवटच्या दोन ठिकाणी जपानबाहेरच्या माणसाला थेट खरेदी करणं कठीण, तिथे मध्यस्थ लागतो.

मालाच्या वर्णनातले शब्द ओळखायला शिका, चित्रं फसवतात. ‘रेंटारु-ओची’ म्हणजे भाड्याच्या दुकानातून निघालेली प्रत. ‘सेरु-बान’ म्हणजे थेट ग्राहकाला विकलेली. ‘मिकाइफू’ म्हणजे न उघडलेली. ‘दोसा-काकुनिन-झुमी’ म्हणजे चालवून पाहिलेली. ‘जंक’ लिहिलं असेल तर चालेल याची हमी नाही आणि परतीही नाही. ‘हियाके’ म्हणजे उन्हानं उडालेला रंग, तो फक्त वेष्टनाचा दोष. ‘काबी’ म्हणजे बुरशी. हा शब्द दिसला की पुढे चला, कितीही दुर्मीळ असलं तरी.

व्ही-सिनेमाच्या टेप्स प्रामुख्यानं दुकानांनाच विकल्या जात, मूळ किंमत दहा हजार येनच्याही वर असे. त्यामुळे आज मिळणाऱ्या बहुतेक प्रती रेंटारु-ओचीच असणार. कव्हरवर दुकानाचा बारकोड, शिक्का, कधी कडा कापलेल्या. हे कमीपणाचं मानू नका. एखाद्या गावातल्या बंद पडलेल्या दुकानाचं नाव त्या स्टिकरवरच उरलेलं असतं, म्हणून मी ते काढत नाही. काढायचंच असेल तर हलकी गरम हवा द्या, नखानं खरवडू नका. न उघडलेल्या प्रतीला जादा पैसे देण्यातही मला फारसा अर्थ दिसत नाही. बंद कव्हरात टेपला बुरशी लागली आहे का, हे कळायला मार्ग नसतो.

एकेक टेप घेण्याऐवजी गठ्ठा बघा. दुकान बंद करणारे वीस-तीस टेप्स एकत्र विकतात. फोटोत कडेचं एक नाव वाचता आलं आणि ते हवं असेल, तर बाकीच्यांसकट घेतलेला गठ्ठाही अनेकदा परवडतो.

भारतात आणणं

बायी (Buyee), झेनमार्केट, फ्रॉम जपान या मध्यस्थ सेवा तुमच्या वतीनं बोली लावतात, माल त्यांच्या गोदामात ठेवतात आणि एकत्र करून पाठवतात. केसासकट टेप पाव किलोच्या पुढे जाते, त्यामुळे वाहतूक हाच मोठा खर्च. जाड केस काढून नुसती टेप आणि घडी न करता कागदी कव्हर मागवता येतं का, हे विचारा. डिस्कच्या बाबतीत हे हमखास जमतं.

सीमाशुल्क फक्त मालाच्या किमतीवर लागत नाही, वाहतूक आणि विमा धरून लागतं. मागवण्याआधी त्या वेळचा दर बघून पूर्ण आकडा काढा. पावतीवर खरी किंमत आणि ‘जुनी व्हिडिओ कॅसेट, कथापट’ असं स्पष्ट वर्णन असू द्या. अश्लील साहित्याच्या आयातीवर भारतात १९६४च्या सीमाशुल्क अधिसूचनेनं बंदी आहे, आणि अधिकारी चित्रपट बघत बसत नाही, कव्हर बघतो. म्हणून कामुकतेकडे झुकणाऱ्या मालिका परदेशातून मागवूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. त्या गाळूनही या प्रकारातलं उत्तम ते सगळं शिल्लक राहतं.

टोकियोच्या निशी-कासाई भागात आणि आसपास आयटीतली बरीच मराठी कुटुंबं राहतात. ओळखीचं कोणी असेल तर सुरुगायाचा माल त्यांच्या पत्त्यावर मागवून सुट्टीत आणता येतो. पण पाकिटात काय आहे हे त्यांना आधी सांगा. मारेकऱ्यांची चित्रं असलेली वीस कव्हरं अचानक कुणाच्या बैठकीत उघडू नयेत.

यंत्रांचा प्रश्न

टेपवरचा चित्रसंकेत देशागणिक वेगळा: जपानची टेप एनटीएससी पद्धतीची, आपली जुनी व्यवस्था पाल. नव्वदच्या दशकात आखाती देशांतून आलेले मल्टिसिस्टिम व्हीसीआर अजून काही घरांत आहेत, त्यांवर जपानी टेप चालते. पण यंत्रावर ‘एनटीएससी प्लेबॅक ऑन पाल टीव्ही’ असं लिहिलं असेल तर नीट समजून घ्या: ते यंत्र टीव्हीला जमेल असा मिश्र संकेत देतं. टीव्हीवर चित्र दिसतं, पण संगणकात उतरवायला गेलात की पुष्कळ कॅप्चर उपकरणं ते घेत नाहीत किंवा चित्र कृष्णधवल येतं. खरा एनटीएससी आउटपुट देणारं यंत्रच हवं.

नवा व्हीसीआर मिळणार नाही. जपानच्या फुनाई कंपनीनं जुलै २०१६मध्ये शेवटचे बनवले. जपानहून जुना मागवलात तर तो १०० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टला थेट लावला की जळणार, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. रबरी रोलर आणि पट्टा बदलून घ्यायला मुंबईत लॅमिंग्टन रोडवर अजून जुने कारागीर शोधता येतात.

डिस्क ठरावीक भागातल्याच यंत्रावर चालावी म्हणून तिला विभाग क्रमांक (रीजन कोड) असतो. डीव्हीडीचा विभाग जपानचा २, भारताचा ५. संगणकाच्या ड्राइव्हमध्ये विभाग पाचच वेळा बदलता येतो, म्हणून एक बाहेरचा स्वस्त ड्राइव्ह कायमचा २वर लावून ठेवा. ब्लू-रेला जपान ए, ब्रिटन बी, भारत सी.

टेप घरी आल्यावर

पाकीट उघडल्या उघडल्या टेप लावू नका. एक दिवस खोलीत राहू द्या, थंडीतून आलेल्या टेपवर दमट हवेत पाणी धरतं. मग कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून टेपच्या गुंडाळीची कड उजेडात बघा. पांढरे किंवा राखाडी ठिपके, भुकटी दिसली तर ती टेप प्लास्टिकच्या पिशवीत वेगळी. ती एकदा चालवली तर यंत्राच्या हेडला बुरशी लागते आणि पुढची प्रत्येक टेप नासते. बुरशीची टेप जाणकाराकडूनच साफ करून घ्या.

कोकणात, गोव्यात, मुंबईत जूनपासून सप्टेंबरपर्यंत खरी परीक्षा. हवाबंद डबा, आत सिलिका जेल, सोबत स्वस्त आर्द्रतामापक. ४० टक्क्यांच्या आसपास ठेवता आलं तर उत्तम. टेप आडवी न ठेवता पुस्तकासारखी उभी, पूर्ण मागे गुंडाळून. वर्षातून एकदा, हिवाळ्यात, शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवा. स्पीकरजवळ ठेवू नका, त्यात चुंबक असतो.

उतरवून ठेवणं

फक्त टेपवरच असलेला चित्रपट आला की पहिल्याच चांगल्या चालीत उतरवून घ्या. एस-व्हिडिओ आउटपुट असलेला एस-व्हीएचएस व्हीसीआर, शक्य तर टाइम बेस करेक्टर (थरथरणारं चित्र स्थिर करणारं उपकरण), आणि ७२० बाय ४८०, सेकंदाला २९.९७ फ्रेम, इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींचं) चित्र तसंच ठेवून. एफएफव्ही१सारख्या विनाहानी पद्धतीत तासाला २५-३० जीबी लागतात. ती मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा, बघायला लहान प्रत वेगळी काढा. एक खास जपानी बाब: तिथल्या एनटीएससीत काळा रंग ० आयआरईवर (आयआरई हे संकेताच्या पातळीचं माप) असतो, अमेरिकेत ७.५वर. उपकरण अमेरिकी मांडणीवर राहिलं तर अंधारातली दृश्यं नुसती काळी होतात, आणि व्ही-सिनेमात अंधाराला तोटा नाही.

सुरुवातीच्या जाहिराती कापू नका. त्या टेपच्या तोंडाशी त्याच कंपनीच्या येऊ घातलेल्या चित्रपटांच्या झलकी असतात. कुठल्याच यादीत चटकन न सापडणारी नावं मला तिथेच मिळाली आहेत, आणि काही चित्रपटांचं हलतं चित्र आज तेवढंच बघायला मिळतं. ही प्रत स्वतःपुरती ठेवा, हक्क कंपनीकडे आहेत.

नोंदवहीत जपानी नाव, उच्चार, वर्ष, हिनबान, लांबी, प्रतीची अवस्था, वाहतूक धरून किंमत, उतरवल्याची तारीख आणि ‘डिस्क निघाली का’ असा रकाना ठेवा. शेवटचा रकाना दर वर्षी तपासा. जिथे उत्तर ‘हो’ झालं, ती टेप दुसऱ्या संग्राहकाशी बदलायला मोकळी.

भाषेचं काय

जपानी डिस्कवर इंग्रजी उपशीर्षकं क्वचितच असतात, टेपवर तर नाहीतच. पुण्यात जपानी शिकणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यासोबत बघणं हा उत्तम मार्ग. मात्र ‘मिनामी नो तेइओ’पासून सुरुवात करू नका. ओसाकाची बोली, त्यात सावकारीचे शब्द. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन३ ही मधली पातळी पास झालेला विद्यार्थीही तिथे अडखळतो. ‘कात्ते नी शियागारे’ घ्या: संवाद सोपे, हालचाल जास्त, दोन भामट्यांची रोजची फजिती. बघण्याआधी ऑलसिनेमावरचा कथासार भाषांतर करून वाचा, पात्रांची नावं कागदावर लिहून जवळ ठेवा आणि पहिल्यांदा न थांबवता बघा. थांबून शब्द शोधायचे ते दुसऱ्या खेपेला.